अलेक्झांडर दुबचेक आणि चेकोस्लोव्हाकियाचा कम्युनिस्ट पक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबचेक कोण, हे आधी थोडक्यात सांगाल का?

चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश आता नकाशावर नाही. १ जानेवारी १९९३ला त्याचे चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश झाले. १९४८पासून १९८९पर्यंत तिथे कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता होती. जानेवारी १९६८ ते एप्रिल १९६९ या काळात अलेक्झांडर दुबचेक त्या पक्षाचे पहिले सचिव होते, म्हणजे प्रत्यक्षात देशाचे सर्वोच्च नेते. त्यांच्या काळातल्या सुधारणांना जग 'प्राग स्प्रिंग' म्हणतं.

सत्ता जेमतेम सव्वा वर्ष टिकली. त्याआधी एकोणीस वर्षं पक्षाच्या कचेऱ्यांमधली नोकरी आणि त्यानंतर वीस वर्षं अज्ञातवास. बहुतेक लेख सव्वा वर्षाबद्दलच बोलतात. आधीची एकोणीस वर्षं वगळली तर हा माणूस आभाळातून पडल्यासारखा वाटतो, म्हणून इथे ती मुद्दाम सविस्तर घेतली आहेत.

त्यांचं बालपण सोव्हिएत संघात गेलं, हे खरं आहे का?

खरं आहे. वडील श्टेफान सुतार. पोट भरायला अमेरिकेत गेले, शिकागोत राहिले, तिथेच समाजवादी झाले. १९२१मध्ये कुटुंब स्लोव्हाकियात परतलं आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला उह्रोवेत्स या गावी अलेक्झांडर जन्मले. ज्या घरात ते जन्मले त्याच घरात १८१५ साली ल्युदोविट श्टूर जन्मले होते, आधुनिक स्लोव्हाक लिखित भाषेचा पाया घालणारे. योगायोगच, पण स्लोव्हाक माणसाला तो कधी योगायोग वाटत नाही.

१९२५मध्ये श्टेफान यांनी पुन्हा गाशा गुंडाळला. 'इंटरहेल्पो' नावाची कामगारांची सहकारी संस्था होती. तिचे सभासद झिलिना स्टेशनातून आगगाडीने यंत्रं, अवजारं आणि पोराबाळांसह मध्य आशियात निघाले. मुक्काम किर्गिझियातलं पिश्पेक, म्हणजे आजचं बिश्केक. कामगारांचं नवं राज्य आपल्या हातांनी उभारायचं, या श्रद्धेने ही माणसं उजाड माळावर जाऊन राहिली. अलेक्झांडर तेव्हा तीन वर्षांचे होते. पुढे कुटुंब गोर्की शहरात गेलं आणि १९३८मध्ये मायदेशी आलं.

तेरा वर्षं रशियन बोलत वाढलेला हा मुलगा. सोव्हिएत संघ त्याच्यासाठी परका देश नव्हताच, आजोळासारखा होता. १९६८मध्ये जे झालं त्याचा घाव इतका खोल का गेला, याचं उत्तर इथे आहे.

पक्षात ते आले कसे?

१९३९मध्ये, पक्षावर बंदी असताना. त्या वेळी ते दुब्नित्सा इथल्या श्कोडाच्या शस्त्रास्त्र कारखान्यात काम शिकत होते. (आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात ज्या मोटारी बनतात ती कंपनी वेगळी. नावाचा उगम मात्र एकच, प्लझेनचे श्कोडा कारखाने.) १९४४च्या ऑगस्टमध्ये स्लोव्हाकियात नाझींविरुद्ध उठाव झाला, त्यात दोघे भाऊ लढले. अलेक्झांडर दोनदा जखमी झाले. भाऊ यूलियुस मारला गेला. युद्धानंतर काही वर्षं ते त्रेंचिनच्या यीस्ट कारखान्यात कामाला होते.

पक्षातली 'करिअर' म्हणजे नेमकं काय? निवडणुका तर नव्हत्याच ना?

मतदान होत असे, पण निवड नव्हती. मराठी वाचकाने तिकीट, मतदारसंघ, बंडखोर उमेदवार हे सगळं क्षणभर विसरायला हवं. तिथे पक्ष हाच राज्याचा कणा. गावापासून राजधानीपर्यंत प्रत्येक पातळीवर सरकारी अधिकारी असे, त्याच्या डोक्यावर त्याच पातळीवरचा पक्षाचा सचिव असे, आणि शब्द चाले तो सचिवाचा. कोणत्या पदावर कोणाला बसवायचं हे पक्षाच्या समितीने मंजूर केल्याशिवाय होत नसे. त्यासाठी पदांच्या याद्याच ठरलेल्या होत्या, त्यांना 'नोमेनक्लातुरा' म्हणत. कारखान्याचा व्यवस्थापक, वृत्तपत्राचा संपादक, शाळेचा मुख्याध्यापक, सगळे त्या यादीत.

या यंत्रणेत वर चढायचं तर तीन गोष्टी लागत: कामगार घराण्याची पार्श्वभूमी, वरच्यांचा विश्वास आणि पक्षाच्या शाळेतलं शिक्षण. दुबचेकांकडे तिन्ही होत्या. १९४९मध्ये ते त्रेंचिन जिल्ह्यात पूर्णवेळ पदाधिकारी झाले. १९५३मध्ये बान्स्का बिस्त्रित्सा प्रांताचे सचिव. १९५५ ते १९५८ मॉस्कोत उच्च पक्षशाळा. परतल्यावर ब्रातिस्लाव्हा प्रांताचे सचिव. १९६०मध्ये राजधानी प्रागला मध्यवर्ती समितीत उद्योगखात्याचे सचिव. १९६३मध्ये स्लोव्हाकियाच्या पक्षाचे पहिले सचिव.

एकही पायरी गाळलेली नाही. मॉस्कोतली ती तीन वर्षं मात्र साधी नव्हती. फेब्रुवारी १९५६मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी बंद दाराआड स्टालिनच्या गुन्ह्यांवर भाषण केलं, तेव्हा दुबचेक त्याच शहरात शिकत होते.

पन्नासच्या दशकात खोट्या खटल्यांत लोकांना फाशी दिलं जात होतं. तेव्हा दुबचेक काय करत होते?

पक्षाचं काम करत होते. हा प्रश्न टाळू नये.

नोव्हेंबर १९५२मध्ये प्रागला पक्षाचे माजी सरचिटणीस रुडोल्फ स्लान्स्की आणि आणखी तेरा जणांवर खटला चालला. कबुलीजबाब आधीच पाठ करून घेतलेले होते. अकरा जणांना ३ डिसेंबरला फाशी झाली. देशभर कारखान्या-कारखान्यांत शिक्षेच्या मागणीचे ठराव झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी दडपशाहीने सामुदायिक शेतीत ओढल्या जात होत्या, त्याचीही हीच वर्षं. दुबचेक या यंत्रणेचे पगारी पदाधिकारी होते आणि त्यांनी तेव्हा जाहीर विरोध केला नाही.

फरक पडला तो नंतर. १९६२मध्ये त्या खटल्यांची फेरतपासणी करण्यासाठी द्राहोमीर कोल्डर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यावर दुबचेक होते. पक्षाने स्वतःच्याच माणसांना कसं मारलं, हे त्यांनी कागदोपत्री वाचलं. असे कागद वाचून निबर झालेले पदाधिकारी पुष्कळ होते. दुबचेकांच्या बाबतीत उलट झालं. ब्रातिस्लाव्हात पहिले सचिव झाल्यावर त्यांनी लेखक आणि साप्ताहिकांवरचा हात सैल सोडला. प्रागमध्ये छापता येत नसे असं बरंच काही ब्रातिस्लाव्हात छापून येऊ लागलं.

इतक्या आज्ञाधारक माणसाच्या हाती सर्वोच्च पद कसं आलं?

कोणालाच त्यांची भीती वाटत नव्हती म्हणून.

त्यांच्या आधीचे अंतोनीन नोवोत्नी हे पक्षाचे पहिले सचिव आणि देशाचे राष्ट्राध्यक्षही होते. १९६३च्या सुमाराला अर्थव्यवस्था ठप्प झाली, आणि स्लोव्हाकांना प्रागकडून मिळणाऱ्या वागणुकीचा राग साचत गेला. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती समितीच्या बैठकीत दुबचेक आणि नोवोत्नी यांची उघड खडाजंगी झाली. नोवोत्नींनी डिसेंबरमध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना मदतीला बोलावलं. ब्रेझनेव्ह आले, सगळ्यांना भेटले आणि "हे तुमचं तुम्ही बघा" अशा अर्थाचं बोलून परत गेले. ५ जानेवारी १९६८ला दुबचेक निवडले गेले. सुधारणावाद्यांना ते चालत होते, जुन्यांना चालत होते, आणि मॉस्कोला तर ते घरचेच वाटत होते. ब्रेझनेव्ह त्यांना 'साशा' म्हणत.

प्राग स्प्रिंगमध्ये प्रत्यक्षात काय बदललं?

एप्रिलमध्ये पक्षाने 'कृती कार्यक्रम' मंजूर केला. बोलण्याचं, प्रवासाचं, संघटनेचं स्वातंत्र्य, खटल्यांत भरडलेल्यांना न्याय, स्लोव्हाकियाला संघराज्यात बरोबरीचं स्थान, कारखान्यांना स्वतःचे निर्णय घेण्याची मोकळीक. अर्थकारणाची बाजू अर्थतज्ज्ञ ओटा शिक यांनी मांडली. जूनमध्ये सेन्सॉरशिप कायद्यानेच रद्द झाली. 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' हे नाव या सगळ्याला मिळालं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कार्यक्रमात बहुपक्षीय निवडणुका नव्हत्या. नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाकडेच राहायचं होतं, पण ते लोकांचा विश्वास पुन्हा पुन्हा कमावून. दुबचेकांचा यावर मनापासून विश्वास होता. भाबडा म्हणा हवं तर. पण त्या उन्हाळ्यात लोक खरोखरच त्या पक्षावर विश्वास ठेवू लागले होते. पोहण्याच्या तलावात फळीवरून उडी मारणाऱ्या पहिल्या सचिवाचा फोटो त्याच काळातला. असा नेता त्या देशाने पाहिला नव्हता.

मग मॉस्कोला एवढं काय खटकलं?

सेन्सॉरशिप, सगळ्यात जास्त. वृत्तपत्रं मोकळी झाली की पक्षाचा इतिहास मोकळा होतो, आणि मग शेजारच्या पोलंडमधले, पूर्व जर्मनीतले, युक्रेनमधले लोकही प्रश्न विचारू लागतात. पूर्व जर्मनीचे उल्ब्रिख्त आणि पोलंडचे गोमुल्का तर ब्रेझनेव्हहून जास्त धास्तावले होते. जुलैअखेर सीमेवरच्या चिएर्ना नाद तिसोउ या रेल्वेगावी बोलणी झाली, ३ ऑगस्टला ब्रातिस्लाव्हात सलोख्याचं पत्रक निघालं. त्याच दिवसांत चेकोस्लोव्हाक पक्षातल्याच पाच जणांनी 'मदत' मागणारं पत्र गुपचूप सोव्हिएत नेत्यांकडे पोचवलं होतं. वासिल बिल्याक त्यांतले एक. हे पत्र १९९२मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी प्रागला सुपूर्द केलं तेव्हा सगळ्यांना दिसलं.

२० ऑगस्टच्या रात्री काय झालं?

व्ल्तावा नदीकाठच्या मध्यवर्ती समितीच्या इमारतीत प्रेसिडियमची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची, बैठक चालू होती. मध्यरात्रीच्या थोडं आधी पंतप्रधान चेर्निक फोनवरून बातमी घेऊन आले: सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी आणि बल्गेरियाचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं आहे. रुमानियाने भाग घ्यायला नकार दिला होता. दुबचेक हादरले. सगळं आयुष्य सोव्हिएत मैत्रीला वाहिलेल्या आपल्याशी हे असं वागले, ही आपल्या आयुष्याची शोकांतिका आहे, अशा आशयाचं ते बोलल्याचं तिथे हजर असलेल्यांनी सांगितलं आहे. चेकोस्लोव्हाक सैन्याने प्रतिकार करू नये असं ठरलं. आक्रमणाचा निषेध करणारं पत्रक सातविरुद्ध चार मतांनी मंजूर झालं.

पहाटे छत्रीधारी सैनिक आत घुसले. दुबचेकांना धरून आधी विमानाने पोलंडमार्गे उझहोरोदकडे नेलं, मग मॉस्कोला. इकडे रस्त्यांवर निःशस्त्र लोक रणगाड्यांवरच्या सैनिकांशी रशियनमध्ये वाद घालत होते आणि परक्या फौजेला वाट सापडू नये म्हणून रस्त्यांच्या पाट्या उतरवत होते. शंभराहून अधिक लोक मेले.

मॉस्कोत त्यांनी करारावर सही का केली? ही माघार नव्हे का?

माघारच होती. २६ ऑगस्टला शिष्टमंडळातल्या एकाचा अपवाद सोडता सगळ्यांनी मॉस्को करारावर सही केली: सेन्सॉरशिप परत, सुधारणा मागे, सैन्य तिथेच. सही केली नाही तर देशात रक्तपात होईल, ही भीती दुबचेकांना होती, आणि बारा वर्षांपूर्वी सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतल्या बुडापेस्टचा उठाव कसा चिरडला ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवर भाषण केलं. मधे मधे आवाज फुटत होता आणि लांब शांतता पडत होती. देशभर लोक रेडिओभोवती रडले.

ज्या एकाने सही केली नाही ते डॉ. फ्रांतिशेक क्रिगेल. स्पॅनिश यादवीत डॉक्टर म्हणून काम केलेला हा माणूस पुढे जपानने हल्ला केलेल्या चीनमध्येही डॉक्टर म्हणून गेला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या युद्धात गेले आणि तिथेच वारले, तेच हे युद्ध. क्रिगेल यांचं नाव दुबचेकांइतकं कोणी घेत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

'दंडुका कायदा' हे काय प्रकरण आहे?

दुबचेकांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला इथे थांबावं लागतं.

जानेवारी १९६९मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं. मार्चमध्ये चेकोस्लोव्हाकियाने आइस हॉकीत सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं, आनंदाच्या भरात जमावाने प्रागमधल्या सोव्हिएत विमान कंपनीच्या कार्यालयाची मोडतोड केली, आणि मॉस्कोला निमित्त मिळालं. १७ एप्रिलला दुबचेकांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. हे हुसाकही स्लोव्हाक, आणि पन्नासच्या दशकात याच पक्षाच्या तुरुंगात सहा वर्षांहून अधिक काळ खितपत पडलेले. दुबचेकांना संसदेचं अध्यक्षपद दिलं.

९ ऑगस्टला नाटककार वाक्लाव हावेल यांनी दुबचेकांना खाजगी पत्र लिहिलं. तुम्ही हरणार हे नक्की आहे, पण जे बोलला होतात त्यावर ठाम राहा, तेवढ्यानेही लोकांना बळ मिळेल, असा त्याचा मथितार्थ. २१ ऑगस्टला आक्रमणाच्या वर्षदिनी लोक रस्त्यावर आले. या वेळी त्यांच्यावर गोळ्या झाडणारे आणि दंडुके चालवणारे चेकोस्लोव्हाकच होते. दुसऱ्या दिवशी निघालेल्या फर्मानाने निदर्शकांना तीन आठवडे डांबून ठेवण्याची, नोकरीवरून काढण्याची, विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून हाकलण्याची सोय केली. हाच तो 'दंडुका कायदा'. त्यावर तीन सह्या होत्या: राष्ट्राध्यक्ष स्वोबोदा, पंतप्रधान चेर्निक आणि संसदेचे अध्यक्ष दुबचेक.

मॉस्कोतली सही बंदुकीच्या धाकाखाली होती. ही प्रागमध्ये झाली, आणि ज्यांच्याविरुद्ध झाली ते त्यांच्याच नावाने घोषणा देणारे लोक होते. माझं मत असं आहे की वीस वर्षांच्या पक्षशिस्तीने त्यांच्या हातून ती करून घेतली. पक्षाने ठरवलं की सही करायची, ही सवय आंगात मुरलेली होती. समोरच्याला शत्रू न मानण्याचा जो स्वभाव १९६८मध्ये लोकांना एवढा भावला, तोच हुसाकांशी वागताना त्यांना महागात पडला. तरीही सही त्यांचीच, आणि तिची झळ बसलेली माणसं खरी होती.

पद गेल्यावर त्यांचं काय झालं?

१९७०च्या सुरुवातीला त्यांना तुर्कस्तानात राजदूत म्हणून पाठवलं. ते परदेशातच राहून गेले तर बरं, असा हिशेब होता. ते परत आले. त्याच वर्षी पक्षातून हकालपट्टी झाली. ते एकटे नव्हते: त्या शुद्धीकरणात तीन लाखांहून अधिक सभासदांना काढलं. प्राध्यापक खिडक्या पुसू लागले, पत्रकार बॉयलरमध्ये कोळसा घालू लागले. या काळाचं सरकारी नाव 'सामान्यीकरण'.

दुबचेकांना ब्रातिस्लाव्हात वनखात्यात यंत्रसामग्रीच्या विभागात नोकरी मिळाली. १९८१मध्ये निवृत्त होईपर्यंत ती केली. गुप्त पोलीस घराबाहेर आणि मागोमाग, भेटायला येणाऱ्याची चौकशी. लोक रस्त्यात ओळख दाखवायला कचरत, काही जण नजरेने नमस्कार करून पुढे जात.

ते 'चार्टर ७७'मध्ये का नव्हते?

हावेल आणि इतरांनी १९७७मध्ये काढलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही नाही. ते स्वतःला अजूनही सुधारणावादी कम्युनिस्ट मानत. विरोधी चळवळ हा त्यांचा पिंड नव्हता. अगदी गप्प मात्र बसले नाहीत. १९७४मध्ये त्यांनी संसदेला लांबलचक निषेधपत्र लिहिलं, आणि जानेवारी १९८८मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाला मुलाखत दिली. त्याच वर्षी बोलोन्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा त्यांना परदेशी जाऊ दिलं.

भारताने १९६८मध्ये कोणाची बाजू घेतली?

सुरक्षा समितीत आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. इंदिरा गांधींनी संसदेत खेद व्यक्त केला, निषेधाचा शब्द टाळला. त्यावरून केंद्रीय मंत्री अशोक मेहता यांनी राजीनामा दिला. तीसच्या दशकात नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली, त्या चर्चा करणाऱ्यांपैकी ते एक. परदेशातल्या अन्यायासाठी मंत्रिपद सोडल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

गोर्बाचेव्ह यांच्यावर प्राग स्प्रिंगचा प्रभाव होता का?

एक धागा अगदी माणसामाणसांतला आहे. १९६८मध्ये दुबचेकांच्या जवळचे असलेले झ्देनेक म्लिनार्झ आणि गोर्बाचेव्ह मॉस्को विद्यापीठात कायद्याच्या वर्गात बरोबर शिकले होते, मित्र होते. १९८७मध्ये प्राग स्प्रिंग आणि पेरेस्त्रोइका, म्हणजे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणा, यांत फरक काय, असं सोव्हिएत प्रवक्ते गेरासिमोव्ह यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, "एकोणीस वर्षांचा."

१९८९मध्ये ते परत कसे आले?

२४ नोव्हेंबरला वेन्सेस्लास चौकातल्या बाल्कनीत हावेल यांच्या शेजारी ते उभे राहिले. खाली लाखोंचा समुदाय, आणि "दुबचेक, दुबचेक" असा गजर. ज्या हावेलनी वीस वर्षांपूर्वी ते पत्र लिहिलं होतं, तेच शेजारी. २८ डिसेंबरला दुबचेक संसदेचे अध्यक्ष झाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेने हावेल यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. अनेकांना वाटत होतं की ते पद दुबचेकांना मिळावं, खुद्द त्यांनाही. पण तरुणांना समाजवाद दुरुस्त करण्यात आता रस नव्हता. १९९२मध्ये ते स्लोव्हाकियाच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले.

त्यांचा मृत्यू घातपात होता असं म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

१ सप्टेंबर १९९२ला ब्रातिस्लाव्हाहून प्रागला जाताना हुम्पोलेत्सजवळ पावसाने निसरड्या झालेल्या महामार्गावर त्यांची मोटार रस्त्याबाहेर फेकली गेली. ७ नोव्हेंबरला प्रागच्या रुग्णालयात ते वारले. देश फुटायला आठ आठवडे उरले होते आणि ती फाळणी त्यांना नको होती, त्यामुळे संशय आला यात नवल नाही. चौकशीचा निष्कर्ष मात्र अपघात हाच आहे.

त्यांच्या खुणा पाहायच्या असतील तर कुठे जावं?

ब्रातिस्लाव्हातल्या स्लाविचिए उदोलिए स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. त्रेंचिनच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वेळ असेल तर उह्रोवेत्सला जा. ते घर आता संग्रहालय आहे, श्टूर आणि दुबचेक दोघांचं मिळून.